घर ऊबदार करायचंय? हीटर घेण्याआधी या चुका टाळा

गारठा सुरू झाला की पहिला प्रश्न येतो, 'कोणता हीटर घेऊ?' त्याआधी खोलीतली उष्णता किती आणि कुठून निघून जाते, हे बघायला हवं. तो हिशेब न करता घेतलेलं यंत्र एक तर कमी पडतं, नाहीतर उगाच मोठं निघतं.

नुसत्या क्षेत्रफळावरून वॉट ठरवणं

'इतक्या चौरस फुटांना इतके वॉट' या ठोकताळ्यात छत, काचा आणि फटी धरलेल्याच नसतात. खरा हिशेब फारसा अवघड नाही. थंडीला भिडणाऱ्या प्रत्येक भागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला त्या भागाच्या यू-गुणांकाने (एका अंशाच्या फरकाला दर चौ. मी.मधून किती वॉट निसटतात तो आकडा) गुणा आणि मग आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने. उत्तर वॉटमध्ये येतं. नऊ इंची विटेच्या भिंतीचा यू-गुणांक साधारण २, एकेरी काचेचा साडेपाच आणि उघड्या काँक्रीट स्लॅबचा ३ धरा.

समजा खोली ४ × ३.५ मीटर, उंची ३ मीटर. बाहेर ५ अंश, आत २० हवेत, म्हणजे फरक १५. ४ मीटर लांबीची एकच भिंत बाहेरच्या बाजूला आहे आणि तिच्यात २ चौ. मी.ची खिडकी आहे. मग भिंतीतून (१० × २ × १५) ३०० वॉट जातात, काचेतून १६५ आणि वर गच्ची असेल तर छतातून (१४ × ३ × १५) तब्बल ६३०. फटींतून तासाला खोलीभर हवा बदलत असेल, तर आणखी सुमारे २०० वॉट (घनफळ × ०.३३ × फरक; ०.३३ हा हवेचा ठरलेला गुणांक). एकूण झाले १३०० वॉटच्या आसपास.

यातली निम्मी गळती एकट्या छतातून होते. स्लॅबवर ५० मिमी जाडीचा चांगला उष्णतारोधक फोम बसवला, तर ६३० चे साधारण १२० होतात आणि गरज ८०० वॉटवर येते. म्हणजे पैसे आधी छतावर घालायचे, मग यंत्राकडे वळायचं. यंत्र निवडताना या आकड्यावर १५-२० टक्के जादा धरलं की पुरे. थंड पडलेली खोली झटपट तापवायची असेल तर थोडं आणखी.

'मोठं घेतलं तर बिघडलं कुठे?' बॉयलर (इंधन जाळून पाणी तापवणारं यंत्र) आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून आत आणणारं यंत्र) यांच्या बाबतीत बरंच बिघडतं. क्षमता जास्त असली की यंत्र चालू होतं, काही मिनिटांत बंद पडतं, पुन्हा चालू होतं. अशा धडपडीत इंधन वाया जातं आणि सुटे भाग लवकर झिजतात.

'हा हीटर कमी विजेत जास्त ऊब देतो' यावर विश्वास ठेवणं

ऑइलचा असो, पंख्याचा असो की हॅलोजनचा, साधा विजेचा हीटर १ युनिट विजेची १ युनिटच उष्णता करतो. फरक असतो तो ऊब पोचवण्याच्या पद्धतीत. हॅलोजन समोरच्या माणसाला लगेच शेक देतो, त्यामुळे उंच छताच्या किंवा थोडा वेळ वापरायच्या जागेत तो बरा. ऑइल हीटर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. एका युनिटात तीन-चार युनिट उष्णता हवी असेल, तर ते काम हीट पंपाचं (उलट्या चक्रावर चालणारा, म्हणजे गरम हवाही देणारा एसीही त्यातलाच). मात्र बाहेर थंडी वाढेल तसा त्याचा हा फायदा घटतो.

जुन्याच रेडिएटरना हीट पंप जोडणं

रेडिएटर म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणारं भिंतीवरचं पॅनेल. त्याची छापील क्षमता बहुधा पाणी आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून दिलेली असते. हीट पंपाने तापवलेलं पाणी मात्र कोमट. त्या पाण्याचं सरासरी तापमान ४५ आणि खोलीचं २० असेल, तर तोच रेडिएटर छापील क्षमतेच्या जेमतेम ४० टक्के उष्णता देतो. मग पाण्याचं तापमान वाढवलं जातं, बिल चढतं आणि दोष पंपाला लागतो. प्रत्येक खोलीचा वरचा हिशेब करून, कमी पडणारे तेवढे रेडिएटर बदला.

वायरिंग आणि हवा गृहीत धरणं

२३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर ८.७ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं. पिन गरम लागली किंवा सॉकेट पिवळं पडलं, तर आत जोड सैल आहे असं समजा आणि वापर लगेच थांबवा.

धुराडं नसलेला गॅस हीटर घ्यायचा मोह टाळा. १ किलो एलपीजी जळताना सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते, भिंती ओलावतात, बुरशी धरते. ज्वलन अपुरं झालं तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याला वास नसतो. ऊब टिकावी म्हणून फटी बुजवलेल्या खोलीत तर धोका वाढतोच. आधीच असा हीटर असेल तर हवा येण्याची वाट मोकळी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि झोपण्यापूर्वी हीटर बंद करा.

बसवल्यावर त्रास झाला तर

खोली नीट तापत नसेल तर आधी थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारा नियंत्रक) बघा. तो उन्हात किंवा रेडिएटरच्या वर असेल तर लवकर फसतो. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर तो ठीक. आकडा ३० वर नेल्याने खोली लवकर तापत नाही.

रेडिएटर वरून गार, खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. यंत्रणा थंड असताना वरचा छोटा व्हॉल्व्ह किल्लीने अर्धा फेरा सैल करा, पाणी आलं की बंद. खालून गार असेल तर तळाशी गाळ साचलाय, आतून धुऊन घ्यावा लागेल. बॉयलरजवळचे रेडिएटर तापतात आणि लांबचे गारच राहतात, तेव्हा जवळच्यांचे परतीचे (पाणी बाहेर पडण्याच्या बाजूचे) व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळा.

हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटवर पातळ हिम जमणं आणि अधूनमधून वाफ निघणं नेहमीचंच. जाड बर्फ तासन्‌तास तसाच राहिला, तर तंत्रज्ञाला बोलवा.

बंद चक्राच्या (तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या) बॉयलरचा दाब थंड असताना साधारण १ ते १.५ बार (दाबाचं एकक) असतो. तापल्यावर तो ३ कडे जाऊन पाणी बाहेर पडत असेल आणि थंड झाल्यावर काटा शून्याकडे येत असेल, तर बहुतेक वेळा एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेलेली असते. अशा वेळी नुसतं पाणी भरत राहू नका. प्रत्येक नव्या भरण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजू लागतात.