फॉस्फोरेसन्सचा वेग कसा काढावा?

दिवा बंद केल्यावरही नमुना चमकत राहिला, तर त्यातले काही रेणू ट्रिपलेट अवस्थेत आहेत, म्हणजे त्यांच्यातल्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा एक चुंबकी गुणधर्म) एकाच दिशेचे आहेत. तिथून खाली उतरायला इलेक्ट्रॉनला स्पिन बदलावा लागतो, म्हणून हा प्रकाश, म्हणजेच फॉस्फोरेसन्स, रेंगाळत येतो. किती रेंगाळत, ते बेन्झोफेनोन या सेंद्रिय संयुगावर काढून पाहू.

आधी क्षय, म्हणजे प्रकाश किती वेगाने मंदावतो ते, मोजा. द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन काढून टाका, तो ट्रिपलेटला विझवतो. मग नमुना द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनला गोठवा. प्रकाशाचा एक झोत टाकून तो बंद करा आणि तीव्रता नोंदत जा. समजा, सुरुवातीला १००० आली आणि ६ मिलिसेकंदांनी ३६८.

आता नैसर्गिक लॉग घ्या: ६.९१ आणि ५.९१. म्हणजे ६ मिलिसेकंदांत १ने घट. एकूण क्षयाचा स्थिरांक झाला १ ÷ ०.००६, म्हणजे सुमारे १६७ प्रति सेकंद. प्रत्यक्षात मात्र दोन बिंदूंवर भागवू नका, वेळेसमोर लॉग मांडून पूर्ण आलेख काढा. शेवटाकडे रेषा आडवी व्हायला लागली, तर बहुधा डिटेक्टरचं पार्श्वभूमीचं वाचन वजा करायचं राहिलं आहे. ते वजा करून मगच लॉग घ्या, नाहीतर आयुर्मान (१ ÷ क्षयाचा स्थिरांक, इथे ६ मिलिसेकंद) उगाच जास्त दिसतं. (छतावर चिकटवायच्या चमकत्या चांदण्यांना हे गणित लावू नका. त्यांच्या स्फटिकात ऊर्जा सापळ्यांत अडकून राहते, रेषा सरळ येतच नाही.)

बरेच विद्यार्थी इथेच उत्तराखाली रेघ मारतात. पण १६७मध्ये उष्णता होऊन विझलेले रेणूही आले. आपल्याला हवा फक्त प्रकाशाचा वाटा, आणि त्यासाठी आणखी दोन आकडे लागतात: फॉस्फोरेसन्सची क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी किती फॉस्फोरेसन्स होऊन बाहेर पडले तो अंश) आणि शोषलेल्या फोटॉनांपैकी किती ट्रिपलेटपर्यंत पोचले तो अंश. पहिल्याला दुसऱ्याने भागा, मग १६७ने गुणा. बेन्झोफेनोनमध्ये यील्ड सुमारे ०.९ आणि ट्रिपलेटचा अंश जवळजवळ १. म्हणून प्रकाशाचा स्थिरांक सुमारे १५० प्रति सेकंद, उरलेले १७ बिनप्रकाशाचे. दुसरा अंश नेहमी १ धरू नका. तो ०.५ असेल आणि तुम्ही विसरलात, तर उत्तर थेट निम्मं येतं.

हा झाला स्थिरांक. प्रत्यक्ष वेग हवा असेल तर त्याला त्या क्षणीच्या ट्रिपलेटच्या संहतीने गुणा: लिटरला ०.०००००१ मोल ट्रिपलेट असतील, तर वेग लिटरमागे सेकंदाला ०.०००१५ मोल.