सँटा क्लारा काउंटीत राहून अर्धवट डिग्री पूर्ण करायचीय? माझा अनुभव

लग्न होऊन कॅलिफोर्नियात सॅन होजेला (सँटा क्लारा काउंटी, म्हणजे इथला जिल्हा) आले तेव्हा एसवायबीकॉम झालेलं, टीवाय राहिलं ते राहिलंच. या काउंटीत पंचविशीच्या पुढच्या निम्म्याहून जास्त लोकांकडे बॅचलर्स किंवा वरची डिग्री आहे, अख्ख्या देशात हेच प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे हळदीकुंकवाला कोणी "तुझं शिक्षण काय गं" विचारलं की मी विषय बदलायचे, कितीतरी वर्षं. इथल्या जनगणना खात्याच्या सर्व्हेत आपल्यासारख्यांसाठी वेगळा पर्याय असतो, कॉलेज केलं पण डिग्री नाही असा. तो वाचला तेव्हा बरं वाटलं, म्हणजे आपण एकटे नाही.

इथे वयाने काही अडत नाही. कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजला, प्रवेश परीक्षा नसते. डी अँझा, फूटहिल, मिशन, एव्हरग्रीन व्हॅली, सगळी याच काउंटीत आहेत. एच-4 वर (एच-1बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तरी शिकता येतं, ग्रीन कार्डची वाट बघू नका, मी बघितली आणि त्यात वर्षं गेली.

फीचं नीट समजून घ्या. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरवाल्या (मोठ्या टर्मच्या) कॉलेजात युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, 46 डॉलर पडतात, डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या (छोट्या टर्मच्या) कॉलेजात 31. क्वार्टरची 90 युनिट्स झाली की सॅन होजे स्टेटसारख्या ठिकाणी तिसऱ्या वर्षात ट्रान्सफर मागता येते, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची फी 2,790 डॉलर, पुस्तकं नि किरकोळ फी वेगळी. पण रहिवासी ठरायला टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलेलं दाखवावं लागतं, नाहीतर फी कितीतरी पट होते. भाडेकरार, टॅक्स रिटर्न, लायसन्स सगळं जपून ठेवा. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीचा अर्ज पण भरा, त्यात लाजायचं काय.

माझी चूक सांगते. तिकडच्या मार्कशीट मागवायला आमच्या विद्यापीठाने सात महिने लावले, मग मी पैसे भरून त्यांचं मूल्यांकन करून घेतलं आणि कॉलेजातल्या काउन्सेलरकडे सगळ्यात शेवटी गेले, तेव्हा कळलं की त्यातले बरेच विषय माझ्या मेजरला (डिग्रीच्या मुख्य विषयाला) लागूच होत नाहीत! तेव्हा आधी काउन्सेलर, मग बाकी सगळं. कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कॅलिफोर्नियातल्या कुठल्या सरकारी युनिव्हर्सिटीत धरला जातो ते असिस्टच्या साइटवर (assist.org) फुकट दिसतं, दर टर्मला रजिस्टर करण्याआधी मी तिथे बघायचेच.

पहिल्या टर्मला एकच कोर्स घ्या, शक्यतो इंग्रजी लेखनाचा. मी पोरं झोपल्यावर रात्री दहाला डायनिंग टेबलवर निबंध लिहायचे, पहिल्याला सी मिळाला, रडले, मग प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना (शंका विचारायला ठेवलेल्या वेळी) जायला लागले, शेवटच्या निबंधाला ए मायनस. आता 90 पैकी 74 युनिट्स झालीत, पुढच्या टर्मला स्टॅटिस्टिक्स घेतलंय.