गरोदरपणात काय टाळायचं: आधी पाणी बघा, मग पपई

घरात गोड बातमी कळली की पंधरा जणी पंधरा याद्या देतात. पपई नको, तीळ नकोत, अमकं उष्ण, तमकं थंड. माझ्या बहिणीच्या वेळी आत्यानं केळ्यावरही बंदी घातली आणि त्याच संध्याकाळी लाडानं तिला पुण्यातल्या सारसबागेजवळ पाणीपुरी खायला नेलं!

1. कोणताही पदार्थ समोर आला की विचारा: शिजलाय का, आणि कधी?
पाणीपुरीचं पाणी उकळलेलं नसतं. अशा दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ही कावीळ होते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती बाईच्या जिवावर बेतू शकते. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हाही बोट दूषित पाण्याकडेच गेलं होतं. म्हणून पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, गाडीवरची कापून ठेवलेली फळं बंद. डोहाळे आवरेनात तर रगडा पॅटिस घ्या. पॅटिस तव्यावरून थेट बशीत, रगडा वाफाळता, वरचा कच्चा कांदा आणि चटणी मात्र नको. मोड आलेली मटकीसुद्धा कच्ची नको, उसळ करून खा.

2. दूध तापवून घ्या.
गोठ्यावरचं धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून कुणी पुढे केलं तरी उकळी आल्याशिवाय पिऊ नका. कच्च्या दुधातला लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजमध्येही वाढतो. आईला नुसती कणकण येते, पण तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. कालची भाजी खायचीच असेल तर पार वाफ येईपर्यंत गरम करा.

3. चहा मोजा.
दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत कॅफिन चालतं, म्हणजे दोन-तीन कप चहा. अमृततुल्यचा कटिंग बंद करायची गरज नाही, पण जेवणाला आणि लोहाच्या गोळीला लागून घेऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची वेगळ्या वेळी.

4. मासे, कलेजी, पपई.
मोरी माशात (शार्क) पारा जास्त, ती टाळा. सुरमई क्वचितच. बांगडा, मांदेली नीट शिजवून खुशाल खा. कलेजीत अ जीवनसत्त्व अति असतं, पहिले तीन महिने तर नकोच. कच्च्या पपईचा चीक घातक, पिकलेल्या पपईनं काही होत नाही. दारूचा सुरक्षित घोट नसतो.

5. "दोघांचं खा" कडे काणाडोळा करा.
चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एक केळं, झालं. मस्तानीचा ग्लास त्यात बसवू नका, विशेषतः साखरेच्या तपासणीचा आकडा काठावर असेल तर.

6. जे अन्नच नाही, तेही विचारा.
हे कुणी आपणहून सांगत नाही. बहिणीच्या पर्समध्ये मला पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे सापडले. ओशाळून म्हणाली, "ताई, वासच आवडतो गं." रागावले नाही, दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन 8.6. गरोदरपणात ते किमान 11 हवं. लोह कमी पडलं की माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटते. डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस वाढवला, आणि पेन्सिली मी कचऱ्यात टाकल्या.