सीओपीडी: पंप नीट कसा घ्यावा आणि बाकीचं कसं सांभाळावं

‘पंप घेऊनही दम कमी होत नाही,’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना आधी माझ्यासमोर पंप, म्हणजे इन्हेलर, घेऊन दाखवायला सांगते. बहुतेकांचं औषध जिभेवर आणि घशातच राहिलेलं असतं, फुप्फुसापर्यंत उतरलेलंच नसतं. मग डोस वाढतो, बिल वाढतं, आणि शेवटी ‘पंप लागू पडत नाही’ म्हणून घरात वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, येतं. मी डॉक्टर नाही. आमच्याकडे सासूबाईंना आणि मोठ्या दिरांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, आहे, दोघांचं औषधपाणी माझ्याकडे असतं, आणि नाशिकमधल्या आमच्या गल्लीतली माणसंही आता विचारायला येतात.

आजार काय आहे तेवढं आधी समजून घ्या. धुरामुळे वर्षानुवर्षं श्वासनळ्या सुजतात, अरुंद होतात, त्यांत कफ साचतो. टोकाशी असलेल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती नष्ट होतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही, म्हणून धाप लागते. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. उरलेलं मात्र राखता येतं, आणि आपली सगळी मेहनत त्यासाठी.

निदान

स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, करून घ्या. नुसत्या एक्स-रेवर सीओपीडी ठरत नाही. आधी फुंकायचं, मग पंपाचं औषध देतात, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमी असेल, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. दमा आणि सीओपीडी यांचे उपचार सारखे नसतात, म्हणून ‘दम्याचंच काहीतरी आहे’ यावर समाधान मानू नका.

धूर बंद

बिडी-सिगारेट पूर्ण बंद. ‘दिवसाला दोनच ओढतो’ हे मला मान्य नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. पण धूर म्हणजे फक्त बिडी असं समजू नका. सासूबाईंनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. त्यांची उमेद पेठ तालुक्यातल्या घरात, बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे गेली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या बायकांचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडून देतात, याचा मला मनापासून राग येतो. त्यांचीही तपासणी करा. डासांची कॉइलही घरातून काढा: एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा.

पंप घेणं

इथे घाई करू नका. मला स्वतःला सगळ्यात जड गेलं ते हेच शिकवणं.

पंप दोन जातींचे असतात आणि दोघांची रीत एकमेकांच्या अगदी उलट आहे. फवाऱ्याच्या पंपाला श्वास हळू घ्यायचा. पावडरच्या, म्हणजे कॅप्सूल घालायच्या पंपाला श्वास जोरात ओढायचा. अनेक घरांत दोन्ही असतात, रोजचा एक आणि तातडीचा दुसरा, आणि माणूस दोन्ही एकाच पद्धतीने घेतो. औषध वाया जातं ते इथे. दुकानदार खोका हातात देतो, डॉक्टरांकडे गर्दी असते, दाखवत कुणीच नाही. तुम्ही हट्ट धरा: ‘आत्ता इथे घेऊन दाखवतो, बरोबर आहे का सांगा.’

फवाऱ्याच्या पंपात अडचण ही की बटण दाबणं आणि श्वास आत घेणं एकाच क्षणी जमावं लागतं. सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडलेली. दाबायला जोर लावायच्या तर श्वास थांबायचा, श्वास घ्यायच्या तर बोट दाबायचं राहायचं. ‘आता दाबा, आता ओढा’ असं ओरडून काहीही होत नाही, माणूस घाबरतो आणि आणखी चुकतो. यावर सोपा उपाय: स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. फवारा आधी त्या पोकळीत थांबतो आणि तिथून सावकाश ओढता येतो. ‘स्पेसर लहान मुलांसाठी असतो’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. साठीपुढच्या प्रत्येकाने फवाऱ्याचा पंप स्पेसरनेच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

ताठ बसा. टोपण काढा, पंप चांगला हलवा. नवा किंवा बरेच दिवस पडून राहिलेला पंप असेल तर आधी एक-दोन फवारे हवेत सोडा. स्पेसरला जोडा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा. स्पेसरचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. एकच फवारा सोडा आणि लगेच तोंडाने हळूहळू, चार-पाच सेकंद लांबवत श्वास आत घ्या. काही स्पेसर शिट्टी वाजवतात. शिट्टी वाजली म्हणजे तुम्ही घाई केलीत. मग दहा सेकंद श्वास रोखा, दहा जमत नसतील तर जमतील तेवढे. एका दमात खोल श्वास घेणं अशक्य असेल तर स्पेसर तोंडातच ठेवून चार-पाच शांत श्वास घ्या, तेही चालतं. दुसरा फवारा लिहून दिला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुन्हा पहिल्यापासून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडून वेळ वाचवू नका, औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धुवा आणि निथळत ठेवा. फडक्याने पुसायचा नाही. पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच खेचलं जातं.

आता पावडरचा. कॅप्सूल घालून फिरवली किंवा दाबून टोचली की मान बाजूला वळवा आणि श्वास बाहेर सोडा. यंत्रात फुंकायचं नाही, तोंडातल्या वाफेने पावडरचा गोळा होतो. मग ओठ घट्ट मिटून एकदम जोरात, खोलवर ओढा. दहा सेकंद रोखा. यंत्र उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना हे स्पष्ट सांगा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात कॅप्सूल आधी सोडवून ठेवू नका, घ्यायच्या वेळीच काढा. आणि आजार वाढून ओढायची ताकदच राहिली नसेल तर डॉक्टरांना सांगून पंपाचा प्रकार बदलून घ्या. दुबळ्या श्वासाने पावडर खाली उतरत नाही.

स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर दर वेळी खळखळून गुळण्या करा आणि पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशीचा पांढरा थर धरतो.

रोजचा पंप आणि तातडीचा पंप यांवर वेगवेगळ्या रंगांची पट्टी चिकटवा. टायोट्रोपियम, फॉर्मोटेरॉल ही रोजची औषधं. दम नसला तरी घ्यायची. सालब्युटामॉल धाप लागली की घ्यायचं. ‘बरं वाटतंय’ म्हणून रोजचा पंप बंद करणं हे आजार बळावण्याचं नेहमीचं कारण आहे. ‘पंपाची सवय लागते’ हे खोटं आहे. गोळीच्या मानाने फार थोडं औषध पंपातून थेट हवं तिथे जातं. पंप पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते कळत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या किंवा कॅलेंडरवर खुणा करा.

रोजचं बाकी

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकलची, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची, डॉक्टर सांगतील तशी.

रोज चाला. दम लागतो म्हणून बसून राहिलं की पायांचे स्नायू झिजतात आणि मग थोड्या चालण्यानेही जास्त दम लागतो. गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक सपाट आहे, तो चांगला. दम लागला की थांबा, नाकाने दोन मोजत श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून चार मोजत सोडा. सप्तशृंगीला जायचं तर पायऱ्यांचा हट्ट नको, ट्रॉलीने जा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा घसरतो तेव्हा पहाटेचं चालणं बंद करा. ऊन वर आल्यावर, नाकातोंडावर मफलर घेऊन निघा. शेकोटीजवळ बसायचं नाही.

पोट गच्च भरेल असं जेवू नका.

ऑक्सिजन

घरी सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) कुणाच्या सांगण्यावरून आणू नका. विश्रांतीत ऑक्सिमीटर ८८ किंवा त्याखाली दाखवत राहिला तर डॉक्टर रक्तातले वायू तपासून ठरवतात. लिहून दिला असेल तर दिवसातले किमान १५ तास लागतो. दम लागला तेव्हा अर्धा तास नाकाला नळी लावून काही साधत नाही. नातेवाईक आकडा ९८ दिसावा म्हणून प्रवाह वाढवतात. या आजारात ते धोक्याचं आहे: काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांसाठी, विशेषतः आजार उसळलेला असताना, ८८ ते ९२ पुरेसे असतात. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत देवघरातला दिवा, उदबत्ती, काडेपेटी काही नको.

आजार उसळला तर

कफ वाढला, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा जास्त दम लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मागच्या वेळच्या अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. ओठ निळसर दिसले, एक वाक्य एका दमात बोलता येईना, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झापड येऊ लागली, तर १०८ला फोन करा. निघताना सगळे पंप, स्पेसर आणि स्पायरोमेट्रीचा कागद पिशवीत घ्या, आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना चढताचढताच सांगा की पेशंटला सीओपीडी आहे, म्हणजे ते ऑक्सिजन मोजून देतील.