गॅस गिझर बसवताय? या चुका टाळा

गॅस गिझर बसवणं वरवर पाहता पोरखेळ वाटतो. भिंतीत दोन भोकं, पाण्याच्या दोन नळ्या, गॅसची एक, खाली दोन मोठे सेल, की झालं काम. म्हणूनच ज्याच्या हातात पाना आहे तो प्रत्येक जण स्वतःला फिटर समजतो. इलेक्ट्रिक गिझर काढायचा आणि त्याच हुकांना गॅसचा अडकवायचा, ही करामत करणारे मला दर हिवाळ्यात भेटतात.

बाथरूमच्या आत गिझर

सगळ्या चुकांची ही आई आहे, म्हणून जरा हिशोबच मांडतो. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासभर चालला, तर साधारण 1 किलो एलपीजी जाळतो. 1 किलो एलपीजी नीट जळायला निदान 12 घनमीटर हवा लागते. आता 5 फूट बाय 4 फुटांचं, 8 फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा किती, तर जेमतेम साडेचार घनमीटर. पाव तासाच्या अंघोळीत गिझरला लागतात 3. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर खोलीतली दोन तृतीयांश हवा एकट्या गिझरच्या वाट्याची.

तेवढी हवा संपायची वाटही बघावी लागत नाही. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून थोडा खाली आला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं, वाफेने गरगरतंय. कडी काढावी हे सुचेपर्यंत हातात त्राण उरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आमच्याकडे कधी गॅसचा वास आला नाही." अहो, तो वास न जळलेल्या गॅसचा. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. जळून तयार झालेल्या विषाला तो वास नसतो.

गिझर बाहेर, उघड्या हवेत लावा. गरम पाण्याची नळी लांबली तर लांबू द्या. "मग पहिलं अर्धी बादली पाणी गार येतं" म्हणून आतच लावा असा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पाने पिशवीत भरतो आणि निघतो.

काच लावलेली बाल्कनी म्हणजे 'बाहेर' नव्हे

एका घरी तक्रार होती की गिझर मध्येच बंद पडतो. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने तो 'दुरुस्त' केला होता, पण आता ज्योत पिवळी दिसते, म्हणून मला बोलावलं. गिझर बाल्कनीत, बाथरूमच्या भिंतीला. जागा उत्तम. फक्त गिझर बसल्यानंतर त्यांनी बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या होत्या, आणि थंडीत त्या बंदच. शिवाय गिझर दिसायला नको म्हणून भोवती प्लायचं कपाट. बाथरूमची झडपांची खिडकी उघडायची कुठे, तर त्याच बाल्कनीत.

पुढचं कव्हर काढलं. तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी ठासून बसलेली. आणि वर, जिथून जळका वायू बाहेर पडतो, तिथल्या बटणाएवढ्या सेन्सरच्या दोन्ही वायरी उपटून एकमेकींना पिळलेल्या, वरून काळी टेप. हीच ती दुरुस्ती. गरम वायूला वाट मिळेना, म्हणून सेन्सर गिझर बंद पाडत होता. तो आपलं काम चोख करत होता, आणि त्याचंच तोंड बांधलं.

चहा देताना काकू सहज म्हणाल्या, रविवारी सगळ्यांच्या अंघोळी ओळीने होतात, तेव्हा शेवटी जाणाऱ्याचं डोकं हमखास दुखतं. त्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही आणलं होतं. ते 98 दाखवायचं, म्हणून सगळे निर्धास्त. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. आकडा छान, माणूस बेहाल.

कपाट काढायला लावलं, काचेचा एक भाग कायमचा उघडा करवला, नवा सेन्सर बसवला, काजळी साफ केली. नंतर गिझर एकदाही अडला नाही.

म्हणून सांगतो, सुरक्षेच्या सेन्सरच्या वायरी अशा परस्पर पिळून तो निकामी करणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. गिझर वारंवार बंद पडत असेल, तर का पडतोय ते शोधा. आणि अंघोळीत गरगरलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग डॉक्टरांकडे जा. गिझर बिघडला की नाही हे नंतर बघता येतं.

धुराड्याचा पाइप

ज्या मॉडेलला जळका वायू बाहेर नेणारा हा पाइप लागतो, त्याचा तो भाग आहे, शोभा नाही. गिझरपासून आधी सरळ वर, मग कमीत कमी वळणं घेऊन थेट बाहेर. दुसऱ्याच्या खिडकीखाली तोंड काढू नका. जोरदार एक्झॉस्ट फॅन त्याच खोलीत असेल, तर तो धुराड्यातली हवा उलटी आत ओढतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

बाकीच्या, झटपट

एलपीजीचा गिझर पाइपच्या गॅसला तसाच जोडू नका. दोन्हींचा दाब आणि जेटचं भोक वेगळं असतं, बदल कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

हाय प्रेशर रेग्युलेटर घरच्या गिझरला लावायचा नाही. "ज्योत मोठी येते" हे कारणच नव्हे.

गळती काडी पेटवून तपासणाऱ्यापासून चार हात लांब उभे राहा. साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावा, बुडबुडा फुगला की जोड सैल.

एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून सिलेंडर खड्ड्यात किंवा तळघरात नको.

गार आणि गरम नळी उलट जोडली तर गिझर पेटणारच नाही. टाकी फार खाली असली तरी तेच, कारण पाण्याच्या दाबानेच आतला स्विच दाबला जातो. यात गिझरला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

ठिणगी मंद पडली की आधी सेल बदला, मेकॅनिक नंतर.

धुराड्याचा गिझर बसवून झाला, जोड फेसाने तपासले, की मी लगेच निघत नाही. घराची दारं-खिडक्या बंद करतो, घरात असतील ते एक्झॉस्ट फॅन लावतो, गरम नळ पूर्ण सोडतो आणि पाच मिनिटं थांबतो. मग पेटती उदबत्ती गिझरच्या वरच्या फटीशी धरतो. धूर आत ओढला गेला तर ठीक. माझ्या तोंडावर आला तर गिझर बंद, गॅसचा कॉक बंद. मग घरमालक कितीही घाईत असो, पाइपचं काम पुन्हा पहिल्यापासून.