उल्पान झालं, आता शिऊरला चला

ठाण्याहून इस्राएलमधल्या अश्दोदला आले तेव्हा माझा समज होता की हिब्रू आपल्याला येतं. येतं म्हणजे काय, सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक घडाघडा वाचता यायचं, तेफिला म्हणजे प्रार्थना पाठ. उल्पानमध्ये, म्हणजे नव्यानं आलेल्यांच्या हिब्रूच्या वर्गात, पहिल्याच दिवशी बाईंनी वर्तमानपत्र पुढ्यात टाकलं आणि मी गप्प. अक्षरांखालचे स्वरांचे ठिपकेच गायब! सिद्दूरमध्ये ते छापलेले असतात, पेपरात नसतात. झालं, थेट पहिल्या वर्गात रवानगी. तुमचीही होईल. वाईट वाटून घेऊ नका, खालच्या वर्गातून पाया पक्का होतो.

उल्पान साधारण पाच महिने, रविवार ते गुरुवार, सकाळचे चार-पाच तास. रविवारी इथे कामाचा दिवस, हे अंगवळणी पडायलाच महिना जातो. नव्यानं आलेल्यांना ते फुकट असतं, पण मुदत असते. आधी नोकरी, मग भाषा असं करू नका. माझ्या ओळखीतले कितीतरी जण तसे अडकले, वीस वर्षांनीही बँकेत नातवाला सोबत नेतात.

उल्पानमध्ये बाजारापुरती भाषा येते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, माणसं काय बोलतात ते कळायला शिऊर हवा. शिऊर म्हणजे मोठ्यांचा धर्मग्रंथ वाचायचा वर्ग. परीक्षा नाही, हजेरी नाही, बहुतेक ठिकाणी पैसेही नाहीत. संध्याकाळी मिन्हा (दुपारची प्रार्थना) आणि अरवीत (रात्रीची प्रार्थना) यांच्या मधल्या वेळात दहा-बारा माणसं टेबलाभोवती बसतात, राव, म्हणजे धर्मगुरू, एक पान उघडतात आणि वाद सुरू. वाद म्हणजे भांडण समजून मी पहिल्यांदा घाबरले होते. आपल्याकडे प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानसमोर कोण आवाज चढवणार? इथे प्रश्न न विचारणाऱ्याकडेच संशयानं बघतात.

सुरुवात पराशापासून, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या आठवड्याच्या भागापासून करा. तोराचे 54 भाग वर्षभरात वाचून होतात आणि सिम्हात तोराच्या सणाला पुन्हा पहिल्यापासून बेरेशीत, म्हणजे पहिला भाग. त्या आठवड्यात गेलात तर सगळ्यांबरोबर पहिल्या पानावर असाल. मधेच आलात तरी बिघडत नाही, गोष्टी बऱ्याचशा ठाऊक असतातच. दाफ योमीच्या नादी मात्र एवढ्यात लागू नका. रोज तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचं एक पान, अशी 2,711 पानं, साडेसात वर्षं. सध्याची फेरी जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली. आमच्या शेजारचे एक काका हौसेनं बसले नि तिसऱ्या आठवड्यात तालमूदची अरामी भाषा बघून घरी आले.

आता माझी फजिती. शनिवारी दुपारच्या शिऊरला मी नवी कोरी वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लिहायचं नसतं, हे आईनं शंभरदा सांगितलेलं! वर्ग म्हटलं की वही, या सवयीनं घात केला. शनिवारी फक्त कान न्या. लिहायचं असेल तर मधल्या वारचा वर्ग धरा. बायकांचा वेगळा वर्ग बऱ्याच ठिकाणी भरतो, तिथे बुजल्यासारखं होत नाही.

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या, सिनेगॉगमध्ये जा, तिथे अडलं तर मराठीत विचारता येतं. पण शेजारच्या मोरोक्कन किंवा इराकी मंडळींकडेही जाऊन बसा. आमची वडीलधारी तिकडे जायला कचरत. 1964 साली क्नेसेतनं, म्हणजे इथल्या संसदेनं, बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं, त्याआधीचे, आपल्या ज्यू असण्यावरच शंका घेतली जायची ते दिवस त्यांनी सोसले होते. तुम्ही ते ओझं घेऊ नका. तुम्ही शब्बाथ म्हणाल, ते शब्बात म्हणतील, एवढाच काय तो फरक.

आणि तुमच्याकडेही सांगण्यासारखं असतं. एकदा तिशा बेआवचा, म्हणजे मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाच्या उपासाचा, विषय निघाला. मी म्हटलं, आमच्याकडे याला बिरड्याचा सण म्हणतात. मग वाल भिजवून, मोड आणून सोलायचे कसे, हे मोडक्या हिब्रूत सांगताना मला पहिल्यांदाच शब्द शोधावे लागले नाहीत. रावांनी दोनदा विचारलं, साल कशी निघते?

पहिल्यांदा जायला संकोच वाटत असेल तर शावुओत या सणाची रात्र निवडा. रात्रभर वर्ग चालतात, कोणीही कुठेही बसतं, मध्ये चीजकेक फिरतो. पहाटे तीनला सगळेच पेंगत असतात, तुम्हाला काय कळलं नाही हे बघायला कोणी जागं नसतं.