विश्वास अंतराल आणि परिकल्पना चाचणी : सराव कसा करावा

संख्याशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात विश्वास अंतराल (खरी किंमत जिथे असावी असा नमुन्यावरून काढलेला पट्टा) आणि परिकल्पना चाचणी (आधी मांडलेले विधान नमुन्यातल्या आकड्यांशी जुळते का याची तपासणी) ही प्रकरणे येईपर्यंत बहुतेक विद्यार्थ्यांचे बरे चाललेले असते. सरासरी, प्रमाण विचलन आणि संभाव्यता यांवरची उदाहरणे सूत्रात आकडे घातले की सुटतात, आणि त्याच सवयीने या दोन प्रकरणांतलीही सुटतात. मात्र ‘या उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहा’ असे सांगितले की लेखणी अडते, किंवा जे वाक्य कागदावर उतरते ते चुकीचे असते. माझे मत असे आहे की या भागात सूत्राचा सराव थोडा पुरतो आणि वाक्याचा सराव भरपूर लागतो. पुढे सांगितलेली पद्धत त्यासाठीच आहे. तिला कागद, कॅल्क्युलेटर, टी-तक्ता आणि एक फासा एवढेच साहित्य लागते. स्प्रेडशीट हाताशी असेल तर काम लवकर होईल.

सुरुवात पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांनी करू नये, कारण तिथे समष्टीची, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या संपूर्ण समूहाची, खरी सरासरी कोणालाच ठाऊक नसते आणि आपले अंतराल बरोबर ठरले की चुकले हे कधीच कळत नाही. त्याऐवजी जिथे सत्य आधीच माहीत आहे तिथून सुरुवात करावी. निर्दोष फाशाची सरासरी ३.५ असते आणि त्याचे प्रमाण विचलन सुमारे १.७१ असते. फासा ३० वेळा टाकावा, पडलेल्या दानांची सरासरी काढावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले १.७१ भागिले ३० चे वर्गमूळ, म्हणजे ०.६१ इतके अंतर घेऊन ९५ टक्के विश्वास अंतराल लिहावे (१.९६ हा ९५ टक्क्यांसाठी प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणातून येणारा गुणक आहे). सरासरी २.८९ ते ४.११ यांच्या दरम्यान पडली, तर अंतरालात ३.५ सापडेल, नाही तर सापडणार नाही. असे एक अंतराल काढून फारसे काही कळत नाही, म्हणून वीस काढावीत. एकट्याने सहाशे वेळा फासा टाकणे कंटाळवाणे आहे, पण चार-पाच जणांत काम वाटून घेतले तर ते तासाभरात उरकते.

वीसपैकी नेमकी एकोणीस अंतराले बरोबर येतील अशी अपेक्षा धरू नये. विसाच्या वीस बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ०.३६ आहे, नेमकी एकोणीस येण्याची सुमारे ०.३८, आणि दोन किंवा अधिक चुकण्याची सुमारे ०.२६. हे तीन आकडे स्वतः द्विपद वितरणावरून (ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश मिळेल याच्या संभाव्यता देणाऱ्या वितरणावरून) काढून पाहावेत, कारण ‘९५ टक्के’ हा आकडा एका अंतरालाचा गुण नसून अंतराल काढण्याच्या रीतीचा गुण आहे, ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथेच समजते. समोरच्या कागदावरचे अंतराल, समजा ३.६२ ते ४.८४, हे सरळसरळ चुकलेले आहे, त्यात ३.५ असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. म्हणून वाक्य असे लिहावे : ‘या रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले, तर दीर्घकाळात शंभरातली सुमारे ९५ अंतराले खऱ्या सरासरीला कवेत घेतील, आणि हे त्या शंभरांसारखेच एक आहे, बरोबर की चुकलेले ते ठाऊक नाही.’ संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा तिचा अर्थ हाच होता. वाक्य लांबलचक आहे हे खरे, परंतु सरावाच्या वहीत ते दर वेळी पूर्ण लिहावे. परीक्षेत ते आपोआप आटोपशीर होते.

स्प्रेडशीट वापरत असाल तर हेच हजार वेळा करता येते. मग बरोबर अंतरालांची संख्या बहुधा ९३६ ते ९६४ यांच्या मध्ये पडेल. त्यानंतर एक बदल करावा : प्रत्येक नमुन्यात ३० ऐवजी फक्त ५ दाने घ्यावीत, प्रमाण विचलन माहीत नाही असे समजून ते नमुन्यातूनच काढावे, पण गुणक मात्र १.९६ च ठेवावा. बरोबर अंतरालांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या बरेच खाली घसरलेले दिसेल. समष्टीचे वितरण प्रसामान्य असेल तर पाचच्या नमुन्यात ते सुमारे ८८ टक्क्यांवर येते. लहान नमुन्यासाठी १.९६ पेक्षा मोठा गुणक देणारे टी-वितरण का लागते, याचे उत्तर इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

त्यानंतर खऱ्या आकड्यांकडे वळावे, आणि इथे मी आग्रहाने एकच जुनी आकडेवारी सुचवतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांविषयीचा आपला प्रसिद्ध शोधनिबंध छापला. त्यात त्यांनी कुश्नी आणि पीबल्स यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे उदाहरण म्हणून घेतले. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिली होती, आणि दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती तास अधिक झोप मिळाली, ते फरक असे होते : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकडे ‘स्लीप’ या नावाने आधीच भरलेले असतात, त्यामुळे हाताने केलेले उत्तर ताडून पाहता येते.

कॅल्क्युलेटरला हात लावण्यापूर्वी तीन वाक्ये लिहावीत : समष्टी कोणती, तिच्यातली कोणती संख्या आपल्याला हवी आहे, आणि शून्य परिकल्पना, म्हणजे फेटाळता येते का हे तपासायचे विधान, काय आहे. इथे हवी असलेली संख्या म्हणजे अशा रुग्णांमध्ये दोन औषधांमुळे मिळणाऱ्या झोपेतल्या फरकाची सरासरी, आणि शून्य परिकल्पना म्हणजे ती सरासरी ० आहे. आकडे पाहून झाल्यावर परिकल्पना लिहिली, किंवा दुपदरी (दोन्ही दिशांचा फरक पाहणारी) चाचणी सोडून सोयीची एकपदरी (एकाच दिशेचा फरक पाहणारी) चाचणी निवडली, तर पी-मूल्याचा, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असती तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल दिसण्याच्या संभाव्यतेचा, सगळा आधारच निघून जातो. म्हणून या वाक्यांखाली रेघ ओढूनच आकडेमोड सुरू करावी.

आकडेमोड अशी. फरकांची बेरीज १५.८, सरासरी १.५८. वर्गांची बेरीज ३८.५८, तीतून १० गुणिले १.५८ चा वर्ग वजा केला की १३.६१६ उरतात, त्यांना ९ ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन १.२३ येते. त्याला १० च्या वर्गमूळाने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याची सरासरी योगायोगाने किती हलते याचे माप, ०.३८९. टी-तक्त्यात डिग्री ऑफ फ्रीडम ९ च्या (आकड्यांच्या संख्येतून एक वजा) ओळीत ९५ टक्क्यांसाठी २.२६२ मिळते. म्हणजे अंतराल १.५८ उणे आणि अधिक ०.८८, अर्थात ०.७० ते २.४६ तास. चाचणीसाठी १.५८ ला ०.३८९ ने भागले की टी ४.०६ येतो आणि दुपदरी पी-मूल्य ०.००२८.

बहुतेक विद्यार्थी इथे उत्तराखाली दुहेरी रेघ ओढून पुढच्या उदाहरणाकडे जातात, पण खरा सराव आता सुरू होतो. शून्य परिकल्पनेत ० ऐवजी ०.७० घालून पुन्हा चाचणी करावी. टी जवळजवळ नेमका २.२६ येतो, म्हणजे आपण फेटाळण्याच्या सीमारेषेवर उभे असतो. मग १ घालावा, २ घालावा, ३ घालावा. लवकरच ध्यानात येते की ५ टक्के पातळीच्या (पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेले तर फेटाळणाऱ्या) दुपदरी चाचणीत ज्या ज्या किमती फेटाळल्या जात नाहीत त्या सगळ्यांचा संच म्हणजेच ९५ टक्के अंतराल. दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवल्या गेलेल्या गोष्टी एकच आहेत हे हाताने दिसले, की पाठांतराचे ओझे निम्मे होते. शिवाय अंतराल अधिक सांगते. ‘फरक शून्य नाही’ एवढेच चाचणी म्हणते. अंतराल म्हणते की तो पाऊण तासापेक्षाही थोडा कमी असू शकेल किंवा अडीच तासांच्या जवळपासही असू शकेल, आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे.

याच दहा रुग्णांच्या आकड्यांवर आणखी दोन प्रयोग करावेत. पहिला असा की, जोड्या विसरून दोन्ही औषधांचे ‘स्लीप’मधले दहा-दहा मूळ आकडे स्वतंत्र गट आहेत असे समजून चाचणी करावी. दोन सरासरींतला फरक तोच १.५८ राहतो, पण टी १.८६ वर घसरतो, पी-मूल्य ०.०७९ होते, आणि अंतराल उणे ०.२० ते ३.३६ असे रुंदावते. एक रुग्ण मुळातच जास्त झोपणारा आणि दुसरा कमी झोपणारा, हा व्यक्तिव्यक्तींतला फरक जोडीच्या चाचणीत वजा होऊन जातो. जोड्या मोडल्या की तो प्रमाण त्रुटीत येऊन बसतो. कोणती चाचणी वापरायची हे प्रश्नातल्या शब्दांवरून ओळखण्याऐवजी ‘हे आकडे गोळा कसे केले?’ असे विचारून ठरवावे.

दुसरा प्रयोग मला विशेष आवडतो. इतरांपेक्षा खूप मोठा असलेला ४.६ हा आकडा काढून टाकावा. तो औषधाच्या बाजूने बोलणारा आकडा असल्यामुळे तो गेला की पुरावा दुबळा होईल असे जवळपास प्रत्येकाला वाटते, म्हणून अंदाज आधी लिहून ठेवावा. प्रत्यक्षात सरासरी १.२४ पर्यंत खाली येते, पण प्रमाण विचलन १.२३ वरून ०.६६ वर येते, आणि टी ४.०६ वरून ५.६६ वर चढतो. अंतराल ०.७४ ते १.७५ असे आखडते. टी हे गुणोत्तर आहे आणि एका आकड्याने त्याचा छेद अंशापेक्षा जास्त वाढवता येतो, हे एकदा पाहिले की विसरत नाही. याचा अर्थ तो आकडा खरोखर वगळावा असा मात्र नाही. वगळण्यासाठी मोजमापातल्या चुकीसारखे कारण हवे, नुसते दूर असणे पुरेसे नाही.

प्रमाणांच्या उदाहरणांत एक खोच आहे, तीही सरावात यावी. नाणे १०० वेळा उडवले आणि ६० वेळा छाप पडली असे समजू. अंतरालासाठी प्रमाण त्रुटी नमुन्यातल्या ०.६ वरून काढतात, ती ०.०४९, अंतराल ०.५०४ ते ०.६९६. चाचणीसाठी मात्र शून्य परिकल्पनेतले ०.५ वापरतात, त्यामुळे प्रमाण त्रुटी ०.०५, झेड (०.६ आणि ०.५ यांतला फरक भागिले प्रमाण त्रुटी) २ आणि पी-मूल्य ०.०४६. आता प्रसामान्य वितरणाचा आधार सोडून द्विपद वितरणावरून नेमके दुपदरी पी-मूल्य काढले तर ते ०.०५७ येते. एका हिशेबाने परिकल्पना फेटाळली जाते, दुसऱ्या हिशेबाने नाही. यातली कोणती बाजू खरी असा वाद घालण्यापेक्षा ०.०४६ आणि ०.०५७ हे जवळजवळ सारख्याच वजनाचे पुरावे आहेत हे वाक्यात उतरवावे. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता ५ टक्के’ असे कधीही लिहू नये. पी-मूल्य म्हणजे नाणे निर्दोष असते, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल दिसण्याची संभाव्यता.

परिकल्पना फेटाळली गेली नाही तर काय लिहायचे, यावर बहुतेक सराव तुटपुंजा असतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली मांडलेला चहाचा प्रयोग त्यासाठी उत्तम आहे. आठ कपांपैकी चारांत दूध आधी आणि चारांत चहा आधी घातलेला असतो, आणि चाखणाऱ्या बाईंनी दूध आधी घातलेले चार ओळखायचे असतात. आठातून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची संभाव्यता सत्तरात एक, म्हणजे ०.०१४. चारांपैकी तीनच बरोबर आले तर तितके किंवा त्याहून चांगले जमण्याची संभाव्यता सत्तरात सतरा, म्हणजे ०.२४, अर्थात एका कपाची गल्लत झाली तरी हा प्रयोग काहीच सिद्ध करू शकत नाही. सहाच कप ठेवले तर संपूर्ण यश मिळूनही पी-मूल्य ०.०५ च्या खाली जात नाही. पत्त्यांतले चार लाल आणि चार काळे पिसून हे करून पाहावे, आणि निष्कर्षात ‘बाईंना फरक कळत नाही’ असे न लिहिता ‘फरक कळतो असे दाखवण्याइतका पुरावा या प्रयोगात मिळाला नाही’ असे लिहावे. मघाचे नाणे खरोखरच ०.६ संभाव्यतेने छाप देणारे असले, तरी १०० वेळा उडवून किमान ६० छाप मिळण्याची संभाव्यता निम्म्याहून थोडीच जास्त असते. ४०० वेळा उडवले तर दोष पकडला जाण्याची संभाव्यता ९८ टक्क्यांच्या आसपास जाते. नमुना चौपट केला की अंतरालाची रुंदी निम्मी होते, हे सूत्र इथे पुन्हा आकड्यांनी पडताळावे.

एक गोष्ट मात्र नमुना कितीही मोठा केला तरी सुटत नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे लंडनमध्ये नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकले, आणि १९४० च्या दशकात त्यांनी भारतातल्या पीक-कापणी सर्वेक्षणांचा अभ्यास केला. शेतात फार लहान तुकडा आखून त्यातले पीक कापले, तर कडेवरची रोपे आत धरली जाण्याकडे कल राहतो आणि उत्पादनाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो, असे त्यांनी दाखवले. असे हजारो तुकडे कापले तर अंतराल अतिशय अरुंद होईल, पण ते चुकीच्या आकड्याभोवती अरुंद होईल, कारण प्रमाण त्रुटीत नमुन्या-नमुन्यांतला योगायोगाचा फरक मोजला जातो, मोजण्यातला कल मोजला जात नाही. म्हणून वहीतल्या प्रत्येक उत्तराखाली शेवटची एक ओळ राखून ठेवावी, आणि नमुना कोणाकडून, कुठे आणि कशाने मोजला हे पाहून, अंतरालात न मावणारी कोणती चूक इथे असू शकते ते त्या ओळीत लिहावे.